स्टेम सेल उपचार, दाह आणि रुग्णाच्या हाती पडणारा कागद : कोल्हापुरातील डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील वैद्यकीय संघटनांचे पदाधिकारी आणि सभासद डॉक्टर यांस,

विषय : स्टेम सेल उपचार देताना रुग्णास मराठीतून द्यावयाच्या लेखी माहितीबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. पेशीविज्ञान हा माझ्या शिकवण्याचा विषय होता, त्यामुळे असेल, पण नात्यातली, गल्लीतली आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या घरची माणसे अलीकडे एका विशिष्ट प्रकारचे कागद घेऊन माझ्याकडे येऊ लागली आहेत. कधी ते मंगल कार्यालयात भरलेल्या मोफत गुडघे तपासणी शिबिराचे हस्तपत्रक असते, कधी मोबाइलवर आलेली जाहिरात असते, तर कधी उपचार होऊन गेल्यानंतरची फाइल असते. झिजलेली कूर्चा (सांध्यातले मऊ अस्तर) नव्याने तयार होईल, आमवात मुळापासून जाईल, मधुमेहाच्या गोळ्या सुटतील, असे त्यांत छापलेले असते. मी वैद्यक शिकलेलो नाही, आणि अमुक उपचार घ्या किंवा घेऊ नका असे कोणाला सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु टोचलेल्या पेशी शरीरात काय काम करतात, याविषयी या कागदांवर जे लिहिलेले असते ते गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या पेशीविज्ञानाशी जुळत नाही. ते का जुळत नाही हे आपणांसमोर मांडावे आणि त्यावरून निघणारी एक मागणी करावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे, कारण बरीचशी जाहिरात तिच्यावरच चालते. रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचे, म्हणजे स्टेम सेलचे, प्रत्यारोपण, ज्याला आपण बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो, ही सिद्ध झालेली उपचारपद्धती आहे. तिच्या पायाभूत कामासाठी ई. डोनॉल थॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि आपल्याकडे १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी ती प्रथम यशस्वी करून दाखवली. स्क्लेरोडर्मासारख्या (यात त्वचा कडक होते) काही तीव्र स्वयंप्रतिकार आजारांतही, म्हणजे प्रतिकारव्यवस्था स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारांतही, ती निवडक रुग्णांना उपयोगी पडते. मात्र तिथे आधी जबर औषधांनी रुग्णाची बिघडलेली प्रतिकारव्यवस्था जवळजवळ पुसून टाकली जाते आणि मग मूलपेशींपासून ती नव्याने उभी केली जाते. दाह, म्हणजे प्रतिकारपेशींमुळे येणारी सूज (इन्फ्लमेशन), शमतो तो प्रामुख्याने या पुसून टाकण्यामुळे आणि नव्या मांडणीमुळे, आणि त्या काळात रुग्णाच्या जिवाला असलेला धोका खरा असतो, म्हणूनच हे काम सुसज्ज केंद्रातच होते. शिबिरात नाव नोंदवून दुपारी घरी पाठवतात तो प्रकार हा नव्हे. तरीही हस्तपत्रकावर यशाची उदाहरणे पहिल्या प्रकाराची आणि खाली दर दुसऱ्या प्रकाराचे, अशी सरमिसळ मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे.

हा दुसरा प्रकार म्हणजे मेसेन्कायमल पेशी. त्या अस्थिमज्जेतून, पोटाच्या चरबीतून किंवा बाळाच्या नाळेतून मिळवता येतात. अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन या रशियन शास्त्रज्ञाने १९६० आणि ७०च्या दशकांत त्या प्रयोगशाळेत ओळखल्या. काचेच्या बशीत योग्य रसायने दिली की त्यांच्यापासून हाड, कूर्चा आणि चरबी तयार होते, हे खरे आहे. हस्तपत्रक इथेच थांबते. बशीत घडते तेच गुडघ्यात घडेल असे धरून पुढचे सारे लिहिलेले असते.

प्रत्यक्ष संशोधनाला मात्र २००० सालानंतर वेगळे वळण लागले. या पेशी टी पेशींबरोबर, म्हणजे हल्ला करणाऱ्या प्रतिकारपेशींबरोबर, एका बशीत ठेवल्या तर टी पेशींची वाढ मंदावते, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले, आणि बबून माकडांत त्वचेचे कलम त्यांच्यामुळे नेहमीपेक्षा अधिक काळ टिकले. २००४ मध्ये स्टॉकहोमच्या डॉक्टरांनी नऊ वर्षांच्या एका मुलावर त्यांचा उपयोग केला. ट्रान्सप्लांटमध्ये आलेल्या परक्या प्रतिकारपेशी त्याच्या आतड्यावर आणि यकृतावर तुटून पडल्या होत्या आणि स्टेरॉइडला त्या दाद देत नव्हत्या. आईच्या मज्जेतून वाढवलेल्या मेसेन्कायमल पेशी दिल्यावर तो हल्ला ओसरला. इथे कोणत्याही पेशीने नवे आतडे तयार केले नव्हते. प्रतिकारपेशींचे वर्तन बदलले होते, आणि तेव्हापासून या विषयातला मुख्य प्रश्न ते कसे बदलते हा झाला.

त्याचे जेवढे उत्तर आज हाती आहे ते थोडे सविस्तर सांगतो, कारण माझी मागणी त्यावरच उभी आहे. मेसेन्कायमल पेशी मुळात शांत असतात. तवा तापल्याखेरीज भाकरी फुगत नाही, तसे आजूबाजूला पुरेसा दाह असल्याखेरीज त्या कामाला लागत नाहीत. चवताळलेल्या टी पेशी इंटरफेरॉन गॅमा हे दाहाचा संदेश देणारे प्रथिन सोडतात (हे नाव फळ्यावर आले की माझे विद्यार्थी वह्या मिटत असत, पण इथे ते टाळता येत नाही), आणि त्याच्या जोडीला टीएनएफ किंवा इंटरल्युकिन-१ ही तशीच संदेशवाहक प्रथिने असतील तर मेसेन्कायमल पेशींत आयडीओ नावाचे विकर (एन्झाइम) मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागते. हे विकर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे विघटन करते. टी पेशींना वाढीसाठी ट्रिप्टोफॅन लागतेच, त्यामुळे त्यांची वाढ खुंटते, आणि विघटनातून निर्माण होणारी किन्युरेनिन गटातली द्रव्ये त्यांतल्या काहींना नियामक टी पेशी होण्याकडे, म्हणजे इतरांना आवरणाऱ्या पेशी होण्याकडे वळवतात. उंदरांत हेच काम प्रामुख्याने नायट्रिक ऑक्साइडमार्फत होते. उंदरांवरचे निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावणाऱ्यांनी हा फरक तरी ध्यानात घ्यायला हवा.

दुसरा मार्ग भक्षकपेशींचा, म्हणजे मॅक्रोफेजचा. जाग्या झालेल्या मेसेन्कायमल पेशी प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे संदेशवाहक द्रव्य सोडतात. ते भक्षकपेशींवरील ग्राहींना (रिसेप्टरना) जाऊन भिडले की त्या टीएनएफ कमी आणि दाह शमवणारे इंटरल्युकिन-१० अधिक तयार करू लागतात, म्हणजे दाह पेटवणारी पेशी दाह आवरू लागते. सांध्याच्या अस्तरात या भक्षकपेशींचे महत्त्व किती असते हे मी आपणांस सांगण्याची गरज नाही. शिवाय दाह आवरणारी टीएसजी-६ सारखी प्रथिने आहेत, आणि पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पुटिका, म्हणजे इवल्याशा पिशव्याही आहेत, ज्यांच्यावर सध्या पुष्कळ काम चालू आहे.

सर्वांत उद्बोधक गोष्ट यापुढची आहे. शिरेतून दिलेल्या मेसेन्कायमल पेशी बहुतांशी फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि थोड्याच दिवसांत दिसेनाशा होतात. सांध्यापर्यंत किंवा स्वादुपिंडापर्यंत पोचणाऱ्यांची संख्या नगण्य असते. मग परिणाम कसा दिसतो? लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले की रुग्णाच्या स्वतःच्या मारक पेशीच या पेशींना मारतात, आणि ज्या रुग्णांच्या रक्तात अशी मारण्याची क्षमता अधिक होती त्यांनाच उपचाराचा गुण आला. मेलेल्या पेशी भक्षकपेशी गिळतात आणि गिळता गिळता स्वतः शांत होतात. म्हणजे टोचलेली पेशी शरीरात जाऊन मुक्काम करते, वाढते आणि कूर्चा होते, हे हस्तपत्रकावरचे चित्र निदान शिरेतून दिल्या जाणाऱ्या उपचारापुरते तरी पूर्णपणे उलटे आहे. तिथे पेशीचे मरणे हाच कदाचित औषधाचा भाग आहे.

हे लक्षात घेतले तर उपचाराचे यश केवळ पेशींवर अवलंबून नाही, रुग्णाच्या दाहाच्या अवस्थेवरही तितकेच अवलंबून आहे, हे ओघानेच येते. दाह पुरेसा नसेल तर याच पेशी गप्प राहू शकतात, आणि काही परिस्थितींत उलट प्रतिकारपेशींना चेतवूही शकतात, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. परक्या माणसाच्या पेशी प्रतिकारव्यवस्थेला दिसतच नाहीत, असे पूर्वी मानले जाई. आता तसे मानत नाहीत, कारण दाहाच्या वातावरणात त्यांच्या पृष्ठभागावर परकेपणाच्या खुणा उमटतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. गोठवलेल्या पेशी वितळवून लगेच दिल्या तर त्यांची टी पेशींना आवरण्याची ताकद ताज्या पेशींपेक्षा कमी भरते, असेही दिसले आहे. त्यांच्या पृष्ठभागावरील टिश्यू फॅक्टर या प्रथिनामुळे रक्त गोठण्याचा धोका असतो. वयस्कर माणसाच्या मज्जेत या पेशी मुळातच विरळ असतात. रुग्ण आधीपासून स्टेरॉइड घेत असेल तर दाहाचे संदेश आधीच दबलेले असतात. एवढे सगळे चल घटक असताना ‘स्टेम सेलचे इंजेक्शन दिले’ या चार शब्दांच्या नोंदीला काय अर्थ उरतो, याचा आपणच विचार करावा.

नेमकी अशीच नोंद मी डोळ्यांनी पाहिली आहे. आमच्याच भागातल्या एक ताई अनेक वर्षे आमवाताच्या रुग्ण आहेत. शहराबाहेरच्या एका केंद्रात त्यांनी उपचार घेतला, आणि त्यासाठी घरच्यांनी ऊसबिलाची रक्कम आणि वर उसने पैसे घातले. त्यांच्या फाइलमध्ये रंगीत मुखपृष्ठ होते, आहाराचा तक्ता होता, पावती होती. परंतु पेशी कोणाच्या, कशातून काढलेल्या, किती, त्यांतल्या जिवंत किती, ताज्या की गोठवलेल्या, यांपैकी एकही गोष्ट लिहिलेली नव्हती. उपचाराआधीचा सीआरपी (रक्तातून दाह मोजणारी तपासणी) नव्हता, नंतरचाही नव्हता. संमतिपत्र होते, ते इंग्रजीत होते आणि त्यावर ताईंची मराठीतली सही होती. तोंडी मात्र त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली गेली होती, ती म्हणजे आता मेथोट्रेक्सेटची, म्हणजे आमवातावरच्या त्यांच्या चालू औषधाची, गरज नाही. पहिले काही आठवडे बरे गेले, आणि नंतर दोन्ही मनगटे अशी सुजली की त्यांना पाण्याचा तांब्याही उचलवेना. बरे वाटले ते पेशींमुळे, सोबत दिलेल्या आणखी एखाद्या इंजेक्शनमुळे की आशेमुळे, आणि सूज आली ती पेशींमुळे की औषध तोडल्यामुळे, हे त्या फाइलवरून ठरवता येणे कोणाही तज्ज्ञाला शक्य नाही. माझी तक्रार आहे ती हीच.

या पेशींचा कशातच उपयोग नाही, असे मी म्हणत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये या वर्गातल्या पहिल्या उपचाराला मान्यता दिली. स्टॉकहोमच्या मुलाला जो आजार होता तोच आजार स्टेरॉइडला दाद देत नसलेल्या बालरुग्णांसाठी ती आहे. ५४ मुलांच्या चाचणीत सुमारे ७० टक्क्यांमध्ये २८व्या दिवशी प्रतिसाद दिसला. परंतु या मान्यतेआधी तोच अर्ज २०२० आणि २०२३ अशा दोन वेळा परत पाठवला गेला होता, आणि प्रयोगशाळेत मोजली जाणारी पेशींची ताकद रुग्णातल्या परिणामाशी जुळते का, हा त्यातला एक कळीचा प्रश्न होता. तिथे वजनाच्या दर किलोमागे २० लाख पेशी, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे, असा डोस ठरलेला आहे. आपल्याकडच्या फाइलमध्ये आकडाच नसतो.

क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजारातल्या गुदमार्गाच्या भगंदरासाठी युरोपात २०१८ मध्ये चरबीतून मिळवलेल्या पेशींच्या उत्पादनाला मान्यता मिळाली होती. पहिल्या मोठ्या चाचणीत २१२ रुग्ण होते आणि २४ आठवड्यांनंतर उपचार घेतलेल्यांत सुमारे ५० टक्के, तर नुसते सलाइन टोचलेल्यांत सुमारे ३४ टक्के रुग्ण बरे दिसले. दुसऱ्या मोठ्या चाचणीत हा फरक टिकला नाही, आणि २०२४ मध्ये ते उत्पादन युरोपच्या बाजारातून मागे घेण्यात आले. मागे घेण्याचा हा प्रामाणिकपणा मला मान्यतेइतकाच मोलाचा वाटतो.

आता गुडघ्यांकडे वळतो, कारण आपल्या जिल्ह्यात सर्वाधिक जाहिरात त्यांचीच आहे. वर्षानुवर्षे उकिडवे बसून धारा काढणाऱ्या बायका, ऊसतोडीत वाकलेली माणसे आणि तालमीतून निवृत्त झालेले पैलवान यांच्या गुडघ्यांना इथे तोटा नाही. अमेरिकेत सुमारे ४८० रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत रुग्णाच्या स्वतःच्या मज्जेतल्या पेशी, चरबीतल्या पेशी आणि दात्याच्या नाळेतल्या पेशी या तिन्हींची तुलना साध्या स्टेरॉइड इंजेक्शनशी केली गेली. वर्षभरानंतर वेदनेच्या बाबतीत तिन्हींपैकी एकही प्रकार स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही, आणि एमआरआयवरही सांध्याच्या अवस्थेत लक्षणीय बदल दिसला नाही. आपल्या देशात मज्जेतून वाढवलेल्या पेशींच्या एका उत्पादनाला गुडघ्याच्या झिजेसाठी औषध महानियंत्रकांची मान्यता आहे, हे मला ठाऊक आहे आणि ते सांगणे न्यायाचे आहे. परंतु ती मान्यता त्या विशिष्ट उत्पादनाला, विशिष्ट डोसला आणि आजाराच्या विशिष्ट टप्प्याला आहे. तिच्या आडोशाने कुठल्याही खोलीत पोटाची चरबी काढून, ती यंत्रात फिरवून, त्याच दुपारी कुठल्याही सांध्यात टोचण्याचा परवाना मिळत नाही.

त्याच उत्पादनाला २०१६ साली प्रथम मर्यादित मान्यता मिळाली ती बर्जर आजारासाठी, आणि तो आपल्या भागाला जवळचा आहे. तंबाखूमुळे पायाच्या रक्तवाहिन्यांना दाह होऊन त्या बंद पडतात आणि बोटे काळी पडू लागतात, तो हा आजार. निपाणीची तंबाखू आणि इथली विडी यांचे नाते सर्वांना माहीत आहे. तंबाखू सुटली नाही तर तिथे कोणत्याही पेशींचे काही चालणार नाही, आणि हे सांगायला डॉक्टरांना कसलाही खर्च येत नाही.

मधुमेहाविषयी एकच वाक्य पुरे आहे : पहिल्या प्रकारात प्रतिकारपेशी स्वादुपिंडावर हल्ला करतात आणि दुसऱ्या प्रकाराची कारणे निराळी आहेत, तेव्हा दोहोंना एकच इंजेक्शन विकणाऱ्या कागदावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९ यांनुसार स्टेम सेलपासून तयार केलेले उत्पादन हे ‘नवे औषध’ ठरते आणि त्याला मान्यता लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्य आजारांतले रक्त-मूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता इतर वापर नोंदणीकृत चाचणीतच व्हायला हवा, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. स्वमग्न मुलांवर चाललेल्या अशा उपचारांविरुद्ध राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीती मंडळाने २०२२ मध्ये स्पष्ट मत दिले आहे. मधुमेह किंवा पक्षाघात बरा करण्याच्या जाहिरातीला तर १९५४च्या कायद्यानेच मनाई आहे. कारवाई करणे हे अन्न व औषध प्रशासनाचे आणि वैद्यकीय परिषदेचे काम आहे, आणि त्यांच्याकडे मी स्वतंत्रपणे लिहीत आहे. परंतु प्रशासनाला एखादी खोली बंद करता येते, रुग्णाच्या हातात चांगला कागद देता येत नाही. ते आपणांलाच करता येईल.

म्हणून माझी मागणी अशी आहे की आपल्या संघटनांनी मिळून मराठीत एका पानाचे माहितीपत्र तयार करावे, आणि आपला जो सभासद अशा पेशी देईल, मान्यताप्राप्त उत्पादन म्हणून देवो किंवा चाचणीत देवो, त्याने ते भरून, वाचून दाखवून रुग्णाला द्यावे. पेशींचा स्रोत, त्या रुग्णाच्या स्वतःच्या की दात्याच्या, संख्या, जिवंत पेशींचे प्रमाण, ताज्या की वितळवलेल्या, उत्पादनाचा मान्यता क्रमांक किंवा भारतीय चाचणी नोंदवहीतला क्रमांक, आणि सोबत स्टेरॉइड किंवा अन्य काही टोचले का, हे सगळे त्यात असावे. उपचाराच्या आधी आणि नंतर ठरावीक अंतराने दाहाच्या तपासण्या, निदान सीआरपी आणि ईएसआर, यांचे आकडे लिहिण्यासाठी जागा असावी. ‘या पेशी नवी कूर्चा किंवा नवा अवयव तयार करतील असे सिद्ध झालेले नाही, त्यांचा परिणाम प्रामुख्याने प्रतिकारपेशींमार्फत होतो आणि तो प्रत्येकात होईलच असे नाही’ हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापलेले असावे. आणि चालू औषधे, विशेषतः आमवाताची, मूळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत, हेही त्याच आकाराच्या अक्षरांत असावे.

दुसरी विनंती ज्यांच्याकडे असे रुग्ण नंतर येतात त्या डॉक्टरांना आहे. ताप, सांध्याची अचानक सूज, पायात गुठळी असे काही घेऊन रुग्ण आला तर ‘कुणी सांगितले होते तिकडे जायला’ एवढे बोलून त्याला वाटेला लावू नये. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय यंत्रणा २०१० पासून अस्तित्वात आहे, तिचा अर्ज भरण्याइतका वेळ त्या रुग्णासाठी काढावा. रागावलेला रुग्ण पुढच्या वेळी काहीच सांगत नाही, आणि मग जिल्ह्यात असे प्रकार किती झाले याचा हिशेबच राहत नाही.

माहितीपत्राचा मराठी मसुदा मी करून ठेवला आहे. त्यातल्या पेशीविज्ञानाच्या भागाची जबाबदारी माझी, परंतु वैद्यकीय भाग आपणांपैकी अस्थिरोग, संधिवात आणि रक्तविकार या शाखांच्या तज्ज्ञांनी तपासून दुरुस्त केला पाहिजे. आपल्या येत्या मासिक बैठकीत हा विषय घेतल्यास मसुद्याच्या प्रती घेऊन मी स्वतः हजर राहीन. प्रश्न विचारले जावेत, मसुद्याची चिरफाड व्हावी, अशीच माझी इच्छा आहे. तारीख तेवढी कळवावी.

आपला नम्र,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
कोल्हापूर